सुंदराबाईचा ना-हरकत दाखला

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी नोकरीत नेमकं काय करत होतो हे आमच्या मंडळींना धड सांगता येत नाही. पाहुणे विचारतात, "भाऊसाहेब साखर कारखान्यात कशावर होते हो?" ही म्हणते, "पाइपावर," आणि चहा टाकायला आत जाते. अहो, मी उभ्या जन्मात एक पाइप उचललेला नाही. कंबर पहिल्यापासून नाजूक. मी होतो परवानग्यांवर. पाइप जमिनीखालून जातो आणि परवानगी टेबलाखालून, असं तेव्हा लोक चेष्टेनं म्हणायचे. मी मात्र देवाशप्पथ सांगतो, टेबलाखालून आमच्याकडून फार तर पाय गेले असतील, आणि तेही बसून बसून मुंग्या आल्या म्हणून.

धंदा काय होता तो आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. समजा, तुम्हाला इथून तिथपर्यंत चार-पाच मैल पाइप न्यायचाय. वाटेत सडक लागते, तर बांधकाम खात्याचा दाखला पाहिजे. पाट लागतो, तर पाटबंधाऱ्याचा. रेल्वेचा रूळ लागला तर रेल्वेचा, गायरान लागलं तर मामलेदार कचेरीचा, आणि ज्यांच्या ज्यांच्या शेतातून पाइप जाणार त्या प्रत्येकाची सही किंवा अंगठा. ह्या सगळ्यांनी लिहून द्यायचं, 'आमची हरकत नाही.' बस्स, एवढेच तीन शब्द. ते तीन शब्द गोळा करत मी सायकलवरून, एस.टी.तून आणि कधी नशिबानं जीपमधून अर्धा नगर जिल्हा पालथा घातला. श्रीरामपुरापासून कोल्हारापर्यंत असा एक बांध नसेल ज्याच्यावर बसून मी कुणाची तरी समजूत काढली नाही.

माणसं भेटली ती एकेक नमुने. एक तात्या होते, सही करायला सात महिने लावले. पैसे नकोत, नोकरी नको, काही नको. नुसतं "बघू." शेवटी कळलं की आमच्या नकाशात तात्यांचं शेत भावाच्या शेतापेक्षा अरुंद दिसत होतं! मी म्हटलं, "तात्या, चला, तुम्हीच साखळी धरा." दोघांनी भर उन्हात शेत मोजलं. शेत खरंच अरुंद निघालं, दोन हातांनी. तात्यांनी साखळी गुंडाळली. मग म्हणाले, "आना कागुद. पर भावाला सांगू नका." मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं. आता दोघंही गेले, म्हणून लिहितोय.

रेल्वेचे एक साहेब होते. त्यांना नकाशात रुळाखालचा प्रत्येक स्लीपर दाखवलेला हवा होता. मी रुळाकडेला उभा राहून स्लीपर मोजले, मालगाडी आली की आकडा विसरायचो आणि परत पहिल्यापासून. पण दाखला आणला. तो गुण माझ्यात होता, चिकाटीचा. अक्कल थोडी उशिरा यायची, ते आता सांगतोच.

आमच्या कारखान्याचं नाव लिहीत नाही. प्रवरेच्या बाजूचा एक, एवढं पुरे. साखर झाली की मळी उरते. त्या मळीपासून स्पिरिट करायची डिस्टिलरी आम्ही घातली. सगळ्यांना केवढा अभिमान! पण स्पिरिट काढून घेतलं की मागं उरतं एक गरम, तपकिरी पाणी. काढ्यासारखं दिसतं, आणि वास असा की गूळ नासून त्यात काही तरी मेलंय. हे पाणी दररोज निघायचं आणि आम्ही ते मागच्या ओढ्यात सोडायचो. सोडायचो म्हणजे काय, सोडलं की संपलं. ओढा पुढं कुठं जातो हे डिस्टिलरीत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

ओढा जायचा ओढेवाडीला. शंभरेक उंबऱ्यांची वाडी. तिथं ओढ्याच्या काठावर एक विहीर होती, सुंदराबाईची. सुंदराबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं स्वतः खणलेली, नवरा सुरुंग भरायचा आणि ही दगड वाहायची. नवरा गेला, विहीर राहिली. सगळी वाडी तिच्यावरच पाणी भरायची, मराठा, महार, मुसलमान, सगळी. सुरुवातीला कुणी कुणी तोंड वाकडं केलं, तर बाईनं सांगितलं, "दगूड डोईवर घ्येताना कोन आलं न्हाई इचारायला. आता बी इचारू नका." विषय संपला.

डिस्टिलरी सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्या विहिरीचं पाणी रंग धरायला लागलं. आधी फिका चहा, मग कडक चहा. गुरं तोंड लावेनात. बायका दीड मैलावरून पाटाचं पाणी आणायला लागल्या. आणि सुंदराबाईचा मुलगा रामभाऊ, मनानं चांगला पण उतावळा गडी, आईच्या मागं लागला की जमीन विहिरीसकट विकून टाकू आणि श्रीरामपुरात जाऊन राहू. गिऱ्हाईक पण बघून ठेवलं होतं. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खरेदीखत. जमीन होती सुंदराबाईच्या नावावर, तिचा अंगठा लागणार. ती ना हो म्हणत होती, ना नाही.

ह्याच सुमारास सरकारनं पाणी घाण करणाऱ्यांसाठी नवा कायदा केला आणि मुंबईत त्याचं खातं उघडलं. आमच्याकडं पत्र आलं, तुमच्या सांडपाण्याचं काय करता ते कळवा. कारखान्यानं ठरवलं की पाइप टाकून ते पाणी उलट्या दिशेला, वरच्या खडकाळ माळावर न्यायचं, तिथं मोठी तळी खोदायची आणि उन्हात वाळू द्यायचं. ओढा मोकळा. पण त्यासाठी सगळे दाखले पाहिजेत, आणि सगळ्यांच्या आधी ह्या नव्या खात्याचा. त्यांनी जागा पाहायची, पाणी तपासायचं, आणि पाइपाची गरज आहे असं लिहून द्यायचं. ते आलं की बाकीची खाती हलणार. फायलीवर माझं नाव पडलं.

मी खूश. ओढेवाडीला जाऊन सुंदराबाईला सांगितलं, "मावशी, मुंबईचे साहेब येतायत. त्यांनी एकदा विहीर पाहिली की काम झालं. आखितीच्या आत मंजुरी आणतो."

बाई रहाटाला टेकून उभी होती. म्हणाली, "आनशील?"

"आणतो म्हणजे आणतो."

"मंग त्यवढी वाट बघते. रामा, ऐकलंस का रं?"

असं माणूस शब्दावर थांबलं की छाती फुगते. त्याच फुगलेल्या छातीनं कचेरीत येऊन मी सरपंचांना पत्र लिहिलं. दौऱ्याचं पत्र लिहायचा एक साचा असतो. माझ्या आधीच्या कारकुनानं लिहिला तसाच मी लिहिला, त्यानं त्याच्या आधीच्याचा बघून लिहिला असेल. 'अमुक तारखेस मे. साहेब पाहणीसाठी येत आहेत. तरी आवश्यक ती तयारी ठेवून गावात स्वच्छता राखावी, ही विनंती.' खाली सही ठोकली. एक प्रत आमच्या डिस्टिलरीलाही पाठवली, माहितीसाठी.

ठरल्या दिवशी बेलापूर स्टेशनवर साहेबांना उतरवून घेतलं. परांजपे नावाचे, किडकिडीत, चष्मा जाड, हातात लाकडी पेटी आणि तिच्यात काचेची बुचं असलेल्या बाटल्या. बोलायचं काम नाही. मी जीपमध्ये तोंडाचा पट्टा चालवतोय, ते नुसते "हं." म्हटलं असू दे, पाणी बघितलं की बोलतील.

ओढेवाडी आली आणि मला आधी वाटलं की ड्रायव्हरनं रस्ता चुकवला.

वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण. सडा, रांगोळी. शाळेची पोरं ओळीत. विहिरीच्या कठड्याला पांढराशुभ्र चुना. सुंदराबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून उभी. आणि ओढा! अहो, ओढ्यात तळाचे गोटे दिसत होते. मी वाकून विहिरीत पाहिलं तर माझा चेहरा मला स्वच्छ दिसला, आणि तो काही बघण्यासारखा नव्हता.

मागाहून उलगडा झाला तो असा. साहेब येणार म्हटल्यावर सरपंचांनी दोन इंजिनं लावून विहीर तळापर्यंत उपसली आणि पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली. पाटकऱ्याच्या हातापाया पडून पाटातून फुटणाऱ्या चारीचं पाणी तीन दिवस ओढ्यातून वाहतं ठेवलं, त्यानं ओढा धुतला आणि विहिरीतही तेच उतरलं. आणि आमच्या डिस्टिलरीवाल्यांनी, ते तरी कशाला मागं राहतील, साहेब येणार म्हणून आठ दिवस आधी भट्टी बंद करून सगळं धुवायला काढलं होतं. कुणी कुणाला विचारलं नाही. कुणाच्या मनात पाप नाही. साहेब येणार म्हणजे घर सारवायचं, ही आपल्याकडची रीतच. पाहुण्याला उष्टं-खरकटं दाखवतं का कुणी?

आता बाटलीत काय सापडणार? तरी म्हटलं, निदान गावकरी तोंडानं तरी सांगतील. परांजपे साहेबांनी बाटल्या भरल्या आणि विचारलं, "लोकांची तक्रार काय आहे?"

सरपंचांनी नुकताच साहेबांच्या गळ्यात हार घातला होता. हात जोडून म्हणाले, "तक्रार कसली साहेब? तुमच्या कृपेनं समदं झ्याक हाय."

मी सुंदराबाईकडं पाहिलं. डोळ्यांनी खुणावलं, बोला ना! ती पदर सावरून म्हणाली, "साहेबांनी च्या घ्यावा." चहा झाला. पाण्याचं पिंप त्यासाठी खास कोल्हारवरून बैलगाडीनं आणलेलं.

मी परतीच्या वाटेवर चाचरत सांगायला लागलो, "साहेब, हे पाणी नेहमीचं नाही." परांजपे म्हणाले, "मला बाटलीत जे आहे तेच लिहिता येतं." बरोबरच होतं ते. महिन्याभरानं अहवाल आला. पाणी पिण्यास योग्य, तक्रार नाही, सबब पाइपलाइनची गरज दिसून येत नाही. प्रकरण दप्तरी दाखल, म्हणजे बंद.

त्याच आठवड्यात सुंदराबाई कारखान्याच्या फाटकावर आली. सहा मैल चालत. मी बाहेर आलो, आणि माझा राग तयारच होता. म्हटलं, "मावशी, कमाल केलीत तुम्ही! विहीर उपसायला कुणी सांगितलं होतं? सोन्यासारखी संधी मातीत घातली सगळ्यांनी!"

तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून घडी घातलेला कागद काढला. माझंच पत्र. सरपंचाकडून मागून आणलं होतं.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "रामानं वाचून दाखवलं. हितं लिवलंय न्हवं, तयारी ठेवा, सवच्छता राखा? आमी राखली. दोन दिस गावातली समदी मानसं शेतावर ग्येली न्हाईत. तुमी सांगितलं म्हून क्येलं, भाऊसाहेब. आता तुमीच वरडताय व्हय?"

तोंडात मारल्यासारखं झालं. सगळ्या जगाला शिव्या देऊन झाल्या होत्या आणि चूक निघाली माझ्या सहीखाली. मी पाणी घाण आहे हे दाखवायला माणूस बोलावला, आणि त्याच पत्रात लिहिलं, स्वच्छता राखा! लिहिताना एकदाही डोक्यात आलं नाही, कारण साचा वाचायचा नसतो, उतरवायचा असतो.

"आखितीला किती दिवस राहिले?" मी विचारलं.

"वीस," बाई म्हणाली. "रामानं शाई बी आनून ठिवलीया अंगठ्याला."

मी मॅनेजर साहेबांकडं गेलो. सगळं सांगितलं आणि म्हटलं, मुंबईला खरं काय ते कळवू. मॅनेजर साहेब वाईट माणूस नव्हते. डोकं धरून बसले. म्हणाले, "शेळके, डिस्टिलरी त्या आठ दिवसांत बंद होती हे लेखी गेलं, तर त्याचा अर्थ काय निघेल? आपण मुद्दाम फसवलं. कारखान्याच्या शिक्क्यानं असं पत्र जाणार नाही."

"मग माझ्या नावानं लिहू का?"

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी येऊन लिहायला बसलो. चार वेळा फाडलं. सरकारी भाषेत खरं लिहायला बसलं की ते आपोआप खोट्यासारखं दिसायला लागतं. शेवटी साधं लिहिलं, जसं भावाला लिहावं. साहेब, आपण तपासलेलं पाणी पाटाचं होतं. गावानं विहीर उपसली ती माझ्या पत्रावरून. कुणी लबाडी केली नाही, फक्त मी मूर्खपणा केला. पुन्हा एकदा यावं. पत्र टाकलं आणि पेटीत ते पडल्याचा आवाज ऐकल्यावर फटीत बोटं घालून ते परत निघतंय का बघितलं. घरात दोन लहान पोरं होती, कॉलनीतली खोली कारखान्याची. मी काही शूर माणूस नाही.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. दोन ओळी. 'गुरुवारी येतो. कोणालाही कळवू नये.'

परांजपे साहेब एस.टी.नं आले, कोल्हारला उतरले. मी सायकल आणली होती. त्यांना मागच्या कॅरिअरवर बसवलं, मांडीवर बाटल्यांची पेटी. त्या दिवशी बाजार होता, वाडीत चिटपाखरू नाही. तोरण नाही, सडा नाही. आणि ओढा, काय सांगू तुम्हाला, त्या ओढ्याचा घाणेरडा वास आला आणि मला आनंद झाला! तपकिरी पाणी, वर हातभर फेस. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि पहिल्यांदाच आपणहून बोलले, "हे रोज असं?"

"रोज, साहेब."

सुंदराबाई दारात बसून गोवऱ्या थापत होती. विटकं लुगडं, हात शेणाचे. साहेबांना पाहिलं आणि ताडकन उठली. साहेबांना एक शब्द नाही, सगळं माझ्यावर. "भाऊसाहेब, काय अक्कल हाय का न्हाई तुमाला? आदी सांगायचं न्हाई व्हय? घर सारवल्यालं न्हाई, आंगन झाडल्यालं न्हाई! असं मानूस आनतात का कुनाच्या दारात?"

मी हसायलाच लागलो. तिला काय कळेना, अजूनच चिडली.

साहेबांनी विहिरीच्या बाटल्या भरल्या. मग सावलीला टेकले आणि चुलीकडं बघून विचारलं, "काय शिजतंय?"

सुंदराबाईचा चेहरा पडला. तिनं काटकीनं झाकण सरकवलं. तुरीची डाळ. दाणे जसेच्या तसे, मी एक बोटानं दाबला तर गोळीसारखा टणक. म्हणाली, "सकाळधरनं चुलीवर हाय साहेब. पाटावरचं पानी आनायला आज कोन न्हवतं, म्हून हिरीचंच घातलं. ह्या पान्यात डाळ शिजत न्हाई. दुदाचा च्या क्येला तर फाटतो. पाव्हना आला तर भाकरीसंगं काय वाढावं? दोन वर्सं झाली, माज्या दारातनं मानूस न ज्येवता जातंय." आणि मग तिला रडू आलं. डोळ्याला पदर लावला नाही, हात शेणाचे होते. तशीच उभी राहिली.

परांजपे साहेबांनी वही काढली. ते काय लिहितात ते मी मागून वाचलं. पाण्याचा रंग, वास, तापमान, आणि शेवटी: 'तुरीची डाळ सकाळपासून चुलीवर. शिजलेली नाही.' सरकारी अहवालात डाळ आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्या एका ओळीसाठी त्या माणसाच्या पाया पडावं असं वाटलं, पण त्यांना ते आवडलं नसतं.

खात्याचा दाखला आखितीच्या तीन दिवस आधी आला. मी सायकल मारत ओढेवाडीला गेलो. सुंदराबाईनं तो कागद उलटा धरून दोन्ही बाजूंनी बघितला, शाईची डबी रामभाऊच्या हातातून काढून घेतली आणि पत्र्याच्या पेटीत टाकून दिली. "लागंल कवा तरी," म्हणाली.

मला बक्षीस मिळालं बरं का. हंगाम संपेपर्यंत वजनकाट्यावर बदली. उसाच्या गाड्या मोजा! माझं पत्र कुठून तरी वरच्या मंडळींपर्यंत गेलंच होतं. पण गंमत अशी की माझ्या जागी बसवलेल्या गृहस्थांना रेल्वेचा दाखला काही मिळेना. ते स्लीपर मोजायला तयार नव्हते. शेवटी मॅनेजर साहेबांनी मला काट्यावरून परत बोलावलं, आणि उरलेले दाखले मी अडीच महिन्यांत आणले. पाटाखालचा पाइप पाटाचं पाणी बंद असताना टाकला. दसऱ्यानंतर बॉयलर पेटला तेव्हा तपकिरी पाणी माळाकडं जायला लागलं होतं.

खरं सांगायचं तर तो उपाय काही सर्वोत्तम नव्हता. माळावरची तळी पाझरली, खालच्या जमिनीची पुढं काही वर्षं नासाडी झाली, आणि तिथल्या लोकांकडं मी पुन्हा तोंड घेऊन गेलो ते निराळं. तेव्हा आम्हाला तेवढंच समजत होतं. एकाच्या दारातली घाण दुसऱ्याच्या माळावर नेली असं कुणी म्हणालं तर मला उत्तर देता येत नाही. आता पाणी शुद्ध करायच्या यंत्रणा निघाल्यात, नवी पोरं हुशार आहेत. बरं वाटतं बघून.

पण विहीर सुधारली. सुंदराबाईनं आणि रामभाऊनं ती पुन्हा पुन्हा उपसली, ह्या वेळी कुणाच्या पत्रावरून नव्हे. पाणी कडक चहावरून फिक्या चहावर आलं, मग नुसतं पिवळट, आणि दीडेक वर्षानं नितळ.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पाट कोरडे, नदीत वाळू. आमच्या कारखान्याच्या कॉलनीतले नळ आधी एक दिवसाआड झाले, मग सूं-सूं करायला लागले, मग तेही नाही. पंचक्रोशीत एका विहिरीचा झरा जिवंत होता. ओढेवाडीच्या.

मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. दोन वर्षांपूर्वी ज्या खिडकीबाहेर बघितलं होतं तिथंच उभे होते. म्हणाले, "शेळके, कॉलनीत पिण्याला पाणी नाही. टँकर भरून मिळेल का? तुमची ओळख आहे."

मी गेलो. विहिरीवर बैलगाड्यांची रांग, रामभाऊ नंबर लावत होता. सुंदराबाई कठड्यापाशी बसली होती. मी काम सांगितलं. सांगताना मान वर होईना, अहो, कोणत्या तोंडानं मागणार? आम्हीच ज्या विहिरीचं वाटोळं केलं तिचंच पाणी.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या हिरीचं पानी पायजे. मंग कागुद कुटंय?"

"कसला कागद?"

"आँ? तुमी यवढं हिंडला, ह्याचा दाखला, त्याचा दाखला. माजा नगं व्हय?"

चेष्टा करत होती, पण पूर्ण चेष्टाही नव्हती ती. मी पिशवीतून कोरा कागद काढला, कठड्यावर ठेवला आणि लिहिला. 'माझ्या विहिरीतून कारखाना कॉलनीस पिण्याचे पाणी नेण्यास माझी हरकत नाही.' वाचून दाखवला.

"अटी लिवा," ती म्हणाली. "अटी आसतात न्हवं?"

"असतात."

"येक. आदी वाडीच्या घागरी, मंग टँकर. दोन. टँकर धुऊन आनायचा. तीन..." ती थांबली, आणि डोळ्यांत हसू आलं. "तुमच्या मोट्या साहेबाला म्हनावं, येकदा ज्येवायला ये. पर कळवू नगंस. कळवलं की आमचं गाव लई सवच्छ हुतं."

रामभाऊ आत जाऊन पत्र्याच्या पेटीतली शाईची डबी घेऊन आला. सुंदराबाईनं अंगठा दाबून उठवला. मी आयुष्यात शेकडो दाखले गोळा केले, सगळे फायलीत लावले. हा एक घरी आणला. त्याची नक्कल मात्र फायलीत आहे, तिन्ही अटींसकट.

तिसरी अट मॅनेजर साहेबांनी दोनदा वाचली.  त्याच आठवड्यात एका दुपारी जीप काढायला लावली आणि मला म्हणाले, "बसा." वाडीत आम्ही न सांगता शिरलो. अंगण झाडलेलं नव्हतं, घर सारवलेलं नव्हतं, आणि सुंदराबाईनं त्यावरून मला साहेबांदेखत पुन्हा झापलं. मग हात धुऊन दोन ताटं मांडली. बाजरीची भाकरी, कांदा आणि आमटी. साहेबांनी भाकरी मोडून आमटीत बुडवली आणि मान खाली घालून बराच वेळ जेवत राहिले. मीही जेवलो. डाळ अगदी लोण्यासारखी शिजली होती.